गोरगरिबांचा आसरा : श्री संत गाडगेबाबा

महाराष्ट्र ही संतांची भूमी आहे. ज्ञानोबा-तुकोबांपासून चालत आलेल्या या परंपरेत आपल्या विदर्भाच्या मातीनेही आपला वाटा उचललेला आहे. या विदर्भात एक असे संत होऊन गेले की ज्यांच्या हाती ना वीणा होती ना पोथी. एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात फुटके गाडगे, एवढीच त्यांची दौलत. ते म्हणजे श्री संत गाडगेबाबा. गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार सर्वांच्या सहकार्याने पार पडत असताना त्यांचे पुण्यस्मरण करणे अत्यंत उचित आहे. लोकांनी श्रद्धेने दिलेला पैसा कोणासाठी खर्चावा आणि कसा सांभाळावा, याचा धडा त्यांनी आपल्या आयुष्याने घालून दिला.

जन्म व बालपण

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईचे नाव सखुबाई. घरची स्थिती खाऊनपिऊन बरी होती. परंतु वडील झिंगराजी दारूच्या व्यसनात सापडले. व्यसनापायी होते नव्हते ते गेले, शरीर खंगले आणि डेबूजी आठ वर्षांचे असतानाच १८८४ साली वडिलांनी जगाचा निरोप घेतला. तरणी विधवा आई आणि पोरका मुलगा यांना सासरी आधार उरला नाही. सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरी या आपल्या माहेरी आल्या.

मामाच्या घरी डेबूजी गुरे राखू लागले. पुढे वखर, नांगर, पेरणी, निंदणी अशी सर्व कामे त्यांनी अंगावर घेतली. अंगात ताकद होती, कामाचा कंटाळा नव्हता, पाण्यात पोहण्यात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. रात्री गावातील गुराखी व मजूर पोरांना जमवून ते भजन म्हणत. त्या मंडळीत सर्व जातींची मुले असत आणि डेबूजी त्यांच्याबरोबर बसून भाकर खात. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. शाळेचे तोंड मात्र त्यांना पाहायला मिळाले नाही. ते शेवटपर्यंत निरक्षर राहिले.

सावकाराचा कागद

निरक्षरपणाची किंमत काय असते हे डेबूजींनी घरातच पाहिले. मामा चंद्रभानजी कष्टाळू व सरळ मनाचे होते. सावकाराशी देवघेव होई. कागदावर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. सावकार दाखवील तेथे अंगठा उठवायचा, एवढेच ठाऊक. व्याजावर व्याज चढत गेले आणि एके दिवशी वावर सावकाराच्या नावे झाल्याचे कळले. या धक्क्याने मामांनी अंथरूण धरले व त्यातच त्यांचा अंत झाला.

सावकाराची माणसे वावराचा ताबा घ्यायला आली तेव्हा तरुण डेबूजी एकटे त्यांना आडवे गेले व त्यांनी ताबा घेऊ दिला नाही, असे सांगतात. परंतु त्यांच्या मनाला खरा चटका लागला तो वेगळाच. घामाने पिकवलेली जमीन एका अंगठ्याने जाते. लग्नकार्य, बारसे, तेरवी, नवस यांसाठी कर्ज काढायचे आणि त्या कर्जात पुढची पिढी बुडवायची, हा प्रकार त्यांनी घरोघरी पाहिला. पुढे कीर्तनात ते लोकांना पुन्हा पुन्हा सांगत की कर्ज काढून सण करू नका, घरातील भांडे विका पण मुलांना शाळेत पाठवा. हे त्यांनी पुस्तकातून घेतलेले नव्हते. मामाच्या मृत्यूतून ते आलेले होते.

१८९२ साली डेबूजींचे लग्न कुंताबाईंशी झाले. पहिली मुलगी झाली तेव्हा तिच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मांस व दारूचे जेवण द्यावे, अशी भाऊबंदांची अपेक्षा होती. डेबूजींनी तो रिवाज मोडला आणि पंगतीला गोड जेवण वाढले. भाऊबंद नाराज झाले, पण ज्या दारूने बाप नेला ती दारू लेकीच्या बारशाला आणायची नाही, हा त्यांचा निश्चय ढळला नाही.

गृहत्याग

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे डेबूजींनी घर सोडले. त्या वेळी ते २८ वर्षांचे होते. घरी म्हातारी आई, पत्नी व लेकरे होती. त्यांच्या त्यागाचा गौरव करताना मागे राहिलेल्या या माणसांचे कष्ट विसरता येणार नाहीत. सखुबाई व कुंताबाई यांनी मजुरी करून, लोकांचे बोल ऐकून दिवस काढले. बाबांच्या लोकसेवेची पहिली वर्गणी या दोन माउलींनी दिली, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

पुढची बारा वर्षे ते गावोगाव अनवाणी हिंडले. अंगावर निरनिराळ्या चिंध्या जोडून शिवलेले कापड, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि मातीचे गाडगे. हेच गाडगे भाकर घेण्याचे भांडे, पाणी पिण्याचे भांडे आणि उन्हात डोक्यावर घालायची टोपी. त्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कोणी गोधडीबुवा म्हणत, कोणी चिंधेबुवा म्हणत. कोणी वेडा समजून हाकलूनही देई. बाबांना त्याचे सुखदुःख नव्हते.

त्यांचा एक नेम होता. काम केल्याशिवाय कोणाची भाकर खायची नाही. कोणाच्या अंगणात लाकडे फोडून द्यावी, कोणाचा गोठा झाडावा, वाटेतील काटे-दगड बाजूला करावे आणि मग गाडग्यात भाकरीचा तुकडा मागावा. फुकटचे अन्न त्यांनी स्वतः घेतले नाही आणि धडधाकट माणसाने घ्यावे, असेही त्यांना वाटत नव्हते. जो आंधळा आहे, पांगळा आहे, रोगी आहे, त्याची गोष्ट निराळी. त्याला देणे हे समाजाचे कर्तव्य आहे, अशी त्यांची शिकवण होती.

खराटा आणि कीर्तन

बाबा एखाद्या गावी आले की प्रथम खराटा हाती घेत. चावडीपुढील जागा, विहिरीचा काठ, गटारे, गल्लीबोळ झाडू लागत. म्हातारा मनुष्य आपल्या दारापुढची घाण काढतो हे पाहून गावकऱ्यांना लाज वाटे व तेही झाडू घेऊन येत. संध्याकाळपर्यंत गाव लख्ख होई. रात्री त्याच जागेवर कीर्तन. दिवसा गावातील केर निघाला, आता रात्री डोक्यातील केर काढायचा, असा तो कार्यक्रम असे.

त्या काळी पटकी व देवीच्या साथी आल्या की घरेच्या घरे ओस पडत. दवाखाना दहा-दहा कोसांवर. विहिरीशेजारी उकिरडा, पाण्यात धुणी आणि जनावरे, आणि रोग आला की देवीचा कोप म्हणून बकरे-कोंबडे कापायचे. कर्ज काढून नवस फेडायचा आणि घाण तशीच ठेवायची. बाबांनी या समजुतीवर कडक प्रहार केला. आरोग्याची सुरुवात औषधापूर्वी झाडूने होते, हे निरक्षर बाबांनी लोकांना कृतीने पटवून दिले. अनेक यात्रांत होणारी पशुहत्या त्यांच्या कीर्तनांमुळे बंद झाली.

त्यांचे कीर्तन म्हणजे लोकांशी चाललेली बोलचाल असे. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या माणसांना प्रश्न विचारीत व लोकांकडूनच उत्तर वदवून घेत. देवाला आंघोळ कोण घालते, देवापुढे दिवा कोण लावते, नैवेद्यावर कुत्रे आले तर त्याला कोण हाकलते, असे विचारीत. माणूस, असे उत्तर आले की मग माणसाला उपाशी का ठेवता, त्याला शिवून घ्यायला का घाबरता, असा त्यांचा पुढचा प्रश्न असे. लोक हसत, आणि हसता हसता मान खाली घालीत. अधूनमधून गोपालाच्या नामाचा गजर होई आणि हजारो माणसे एका तालात टाळ्या वाजवीत. देवाचे नाव त्यांनी कधी सोडले नाही. देवाच्या नावावर चालणारा आळस, भेदभाव आणि उधळपट्टी मात्र त्यांनी कधी चालू दिली नाही.

घाट, सदावर्त व धर्मशाळा

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे तीर्थक्षेत्र आहे. तेथे पौष महिन्यात यात्रा भरते. स्नान करून वर येणारे भाविक, म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया चिखलात घसरून पडत. बाबांनी स्वतः टोपली उचलली आणि वाट बांधायला सुरुवात केली. लोक मदतीला आले आणि १९०८ साली तेथे घाट उभा राहिला. याच यात्रेत बाबा आंधळे, पांगळे, महारोगी यांना गोळा करीत, त्यांना आंघोळ घालीत, नवे कपडे देत आणि पोटभर जेवू घालीत. ज्यांच्या सावलीला लोक उभे राहत नसत त्यांच्या जखमा बाबांनी आपल्या हातांनी धुतल्या.

पुढे कीर्तनातून देणग्या येऊ लागल्या. बाबांनी त्या पैशातून आपला मठ बांधला नाही. तीर्थाच्या ठिकाणी गरीब यात्रेकरूंचे काय हाल होतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पैसेवाल्यांना बडव्यांचे वाडे होते. गरीब वारकरी वाळवंटात, पावसात, घाणीत पडून राहत आणि तेथूनच पटकी घेऊन गावी जात. त्यातही ज्यांना अस्पृश्य म्हणून दूर ठेवले जाई त्यांना पंढरपुरात पाठ टेकायलाही छप्पर नव्हते. म्हणून १९१७ ते १९२० या काळात बाबांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी केली. त्यानंतर नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर इत्यादी ठिकाणी धर्मशाळा झाल्या. कोठे सदावर्त, कोठे गोरक्षण, कोठे मुलांसाठी वसतिगृह अशी कामे वाढत गेली. बाबा पंढरीला वारीत जात ते चंद्रभागेचे वाळवंट झाडायला. विठ्ठल त्यांना त्या गर्दीत भेटत असे.

जमाखर्चाची शुद्धता

या सर्व कामांत लाखो रुपये आले आणि गेले. बाबांनी पैशाला हात लावला नाही. देणगी संस्थेकडे जाई, हिशेब विश्वस्त ठेवीत आणि लोकांपुढे बांधकाम उभे राहिलेले दिसे. बाबांनी बांधलेल्या इमारतींत शेकडो माणसे झोपत. बाबा स्वतः बाहेर, एखाद्या झोपडीत किंवा झाडाखाली पडून राहत. सदावर्तात पंगती उठत. बाबा आपल्या गाडग्यात कोणाच्या घरची शिळी भाकर मागून आणीत.

सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे संस्थांच्या कागदपत्रांत त्यांनी अशी तजवीज करून ठेवली की आपल्या कोणाही नातलगाचा या मालमत्तेवर हक्क राहणार नाही. ज्याचे कुटुंब एका कागदाने उघड्यावर आले, त्यानेच कागदाचा उपयोग करून गोरगरिबांची मालमत्ता कायमची सुरक्षित केली. त्यांनी कोणाला शिष्य केले नाही, आपल्या मागे गादी ठेवली नाही, पाया पडू दिले नाही, हारतुरे घेतले नाहीत. देणाऱ्याचा पैसा गरजवंताच्या दारापर्यंत जाताना वाटेत कोणाच्या हाताला चिकटता कामा नये, हा त्यांचा दंडक होता. लोकांचा त्यांच्यावर जो अढळ विश्वास बसला त्याचे मूळ येथे आहे.

१९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना त्यांचा एकुलता एक हयात मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. बाबांनी ती ऐकली आणि कीर्तन थांबवले नाही. रोज कितीतरी घरांतील लेकरे रोगाने जातात, त्यांच्यासाठी रडणे झाले नाही, मग एकट्यासाठी काय रडावे, असा त्यांचा भाव होता. त्या दिवसानंतर परक्याचे लेकरू हेच त्यांचे लेकरू झाले.

दवाखान्याच्या दारातील माणसे

बाबांच्या अखेरच्या काळातील एक काम सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूरदूरच्या खेड्यांतून रोगी येत. रोग्याला आत खाट मिळे, औषधही मिळे. परंतु त्याच्याबरोबर आलेली बायको, म्हातारा बाप, कडेवरचे मूल यांनी कोठे राहावे? मुंबईत ओळख नाही, भाडे परवडत नाही, हातातील पैसा चार दिवसांत संपतो. माणसे फुटपाथवर झोपत, तेथेच तीन दगड मांडून शिजवीत, आणि शेवटी निरुपाय होऊन रोग्याला अर्धवट उपचारावरच घरी नेत. म्हणजे औषध फुकट असूनही राहण्याच्या जागेअभावी मनुष्य दगावे.

बाबांच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नाही. १९५४ साली त्यांनी रुग्णांच्या नातलगांसाठी तेथे धर्मशाळा बांधली. तीर्थाच्या गावी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधण्याची रीत जुनी आहे. दवाखान्याला तीर्थ समजून तेथे धर्मशाळा बांधणे, हे बाबांना सुचले. पुढे त्यांच्याच नावाने मुंबईत दादर येथे कॅन्सरच्या रुग्णांसाठी व त्यांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभी राहिली आणि टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्या गरीब कुटुंबांचा ती आधार झाली.

याचे मोल वरठीकरांना सांगायला नको. भंडारा रोड स्टेशनवरून नागपूरच्या गाडीत बसणाऱ्यांत कामधंद्याला जाणारे असतात तसे कापडात गुंडाळलेले रिपोर्ट उराशी धरून दवाखान्यात जाणारेही असतात. धानाच्या हंगामात रोवणी टाकून रोग्याजवळ बसायचे, वऱ्हांड्यात रात्र काढायची आणि परतीच्या तिकिटाचे पैसे पदराच्या गाठीत जपायचे, हे दुःख ज्यांच्या घराने पाहिले आहे त्यांना बाबांचे हे काम चटकन समजते.

शिक्षणाचा ध्यास

शाळेत न गेलेल्या या संताने शाळांसाठी जेवढी भीक मागितली तेवढी दुसऱ्या कशासाठी क्वचितच मागितली असेल. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेवर त्यांचे फार प्रेम होते. या संस्थेने १९५४ साली कराड येथे काढलेल्या महाविद्यालयाला बाबांचेच नाव दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि बाबा यांना एकमेकांविषयी नितांत आदर होता. १९४९ साली बाबा मुंबईत आजारी असताना देशाचे कायदेमंत्री असलेले डॉ. आंबेडकर त्यांच्या भेटीला गेले. पंढरपूरची धर्मशाळा बाबांनी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. यात्रेकरूंसाठी बांधलेली वास्तू विद्येच्या वारकऱ्यांना मिळाली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांशीही त्यांचा जवळचा स्नेह होता.

१९५२ साली श्री गाडगे महाराज मिशन ही संस्था स्थापन झाली. तिच्यामार्फत आश्रमशाळा, वसतिगृहे व धर्मशाळा चालविण्यात आल्या आणि आदिवासी व गरीब मुलांच्या शिक्षणाची सोय झाली. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरिबाच्या मुलाला शिक्षण, बेघराला आसरा, रोग्याला औषध, बेकाराला काम, मुक्या प्राण्याला अभय, गरिबाच्या मुलामुलींचे लग्न आणि दुःखिताला धीर, असा दहा कलमी धर्म त्यांनी समाजाला दिला. त्यातील एकही कलम असे नाही की जे खेड्यातील सामान्य मनुष्याला पाळता येणार नाही.

महानिर्वाण

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात बाबांचे अखेरचे कीर्तन झाले. शरीर थकले होते, मधुमेहाने ग्रासले होते. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकरांचे निधन झाले. ही बातमी बाबांच्या जिव्हारी लागली. त्यानंतर १४ दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात बाबांनी देह ठेवला. त्यांचे वय ८० वर्षांचे होते. अमरावतीला लाखो लोकांनी साश्रू नयनांनी त्यांना निरोप दिला. तेथे गाडगेनगरात त्यांची समाधी आहे.

शासनाने त्यांच्या नावे २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. या अभियानाने कितीतरी गावांच्या गल्ल्यांतून पुन्हा झाडू फिरला. अमरावती विद्यापीठाला २००५ साली संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचे नाव आज हजारो विद्यार्थ्यांच्या पदवीवर असते.

मंदिराला त्यांचा निरोप

बाबांनी मूर्तीवर होणाऱ्या उधळपट्टीला विरोध केला, मग मंदिराच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्यांच्या आयुष्यातच आहे. ऋणमोचनच्या घाटापासून पंढरीच्या वाळवंटापर्यंत बाबांचे सारे काम देवाच्या दारातच झाले. देवाच्या दारी माणसे जमतात आणि विश्वासाने पैसा देतात, ही मोठी शक्ती आहे हे त्यांनी ओळखले. ती शक्ती त्यांनी आजाऱ्याच्या खाटेकडे, पोरक्या लेकराच्या पाटीकडे आणि उपाशी घराच्या चुलीकडे वळवली.

मंदिराच्या भिंती उभ्या करणे हे पुण्याचे काम आहे आणि ज्यांनी यथाशक्ती देणगी दिली, श्रमदान केले, ते सर्व धन्यवादास पात्र आहेत. परंतु रंग वाळला, कळस बसला, मांडव निघाला म्हणजे काम संपले, असे बाबांच्या हिशेबात बसत नाही. सभामंडपात आरोग्य तपासणी व्हावी, तेथे गरिबाच्या मुलाला अभ्यासाला उजेड व बसायला जागा मिळावी, दानपेटीतील काही भाग दवाखान्याच्या वाटेला लागलेल्या कुटुंबासाठी राखून ठेवावा, पंगतीत कोणाला वेगळे बसवू नये, आणि आलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब फळ्यावर लिहिला जावा, एवढे झाले तर बाबांना पोहोचले.

आणि हे सर्व करण्याइतका पैसा ज्याच्याजवळ नाही त्याने निराश होण्याचे कारण नाही. बाबांजवळही पैसा नव्हता. त्यांच्याजवळ खराटा होता. तो प्रत्येकाच्या घरी आहे.

अशा या थोर कर्मयोग्याच्या चरणी कोटी कोटी प्रणाम.